उटणं आणि लेप: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी जवळ आली किंवा लग्नसराई सुरू झाली की उटण्याबद्दलचे प्रश्न येऊ लागतात. ऊन तापलं की चंदन आणि मुलतानी मातीची पाळी. त्यातले जे प्रश्न दर वर्षी नव्याने येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. पण वेळ कमी असेल तर निदान प्रश्न ४ वाचाच, कारण "लेपाने चेहरा बिघडला" अशा बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे सापडतं.

१. उटणं आणि लेप यांत फरक काय? आमच्या घरी दोन्हीला उटणंच म्हणतात.

उटणं चोळायचं असतं. ते अंगाला, शक्यतो तेल लावलेल्या अंगाला, हलक्या हाताने चोळून आंघोळीत धुऊन टाकतात. लेप चोळायचा नसतो. तो थर देऊन थोडा वेळ तसाच ठेवायचा आणि काढायचा. आयुर्वेदातही या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चूर्ण चोळण्याला उद्वर्तन म्हणतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्याचे गुण सांगितले आहेत: कफ कमी होतो, मेद झडतो, अंग घट्ट होतं, त्वचा प्रसन्न होते. मुखलेपाचं, म्हणजे चेहऱ्यावरच्या लेपाचं, वर्णन त्याच ग्रंथात वेगळ्या अध्यायात येतं आणि त्याचे नियम बरेच कडक आहेत.

व्यवहारात हा फरक महत्त्वाचा आहे. अंगासाठी केलेलं थोडं भरड उटणं तसंच्या तसं चेहऱ्यावर लेप म्हणून लावलं आणि काढताना खरवडलं, की दुसऱ्या दिवशी चेहरा लाल होतो.

२. उटण्यात नेमकं काय काय असतं? घरी करायचं तर प्रमाण काय?

मूळ पीठ मसूर डाळीचं किंवा हरभरा डाळीचं. ते तेल आणि मळ शोषून घेतं. डाळींत थोडं सॅपोनिनही असतं, म्हणजे रिठा-शिकेकाईत फेस आणणारा घटक, पण डाळीत इतका कमी की मुख्य काम शोषण्याचं आणि हलक्या घर्षणाचंच. त्यात सुगंधी आणि औषधी चूर्णं पडतात: नागरमोथा, वाळा, कचोरा, कपूर काचरी, आंबे हळद, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ, चंदन. यातल्या ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ (सारिवा), वाळा (उशीर) आणि चंदन या पाचही वनस्पती चरकाने त्वचेच्या वर्णासाठी सांगितलेल्या दहा द्रव्यांच्या गटात आहेत. आजीच्या डब्यातलं मिश्रण उगीच जमलेलं नव्हतं.

मी सुचवते ते प्रमाण असं: चार वाट्या मसूर डाळीचं पीठ, प्रत्येकी एक वाटी नागरमोथा, वाळा आणि कचोरा, अर्धी वाटी ज्येष्ठमध, पाव वाटी आंबे हळद. सगळं वस्त्रगाळ हवं. मिक्सरमधून काढून पिठाच्या चाळणीने चाळणं पुरत नाही. वाळा आणि नागरमोथा तंतुमय असतात, त्यांचे बारीक काटेरी कण चाळणीतून सहज निसटतात. चिमूटभर चूर्ण मनगटाच्या आतल्या बाजूला चोळून बघा. खर लागली तर पुन्हा मलमलीच्या कापडातून गाळा.

३. आधी तेल की आधी उटणं? नंतर साबण लावायचा का?

आधी तेल. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचा क्रमही हाच आहे आणि तो नीट विचार करून ठरलेला आहे. थंडीच्या तोंडावर त्वचा रुक्ष व्हायला लागते. तेल मुरू दिलं की ती मऊ होते, आणि वरचं जास्तीचं तेल उटण्यातलं पीठ मळासकट उचलतं. कोरड्या अंगावर थेट उटणं चोळलं तर तेच पीठ त्वचेचं स्वतःचं तेल ओढून घेतं. अभ्यंगानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग उटणं दुधात किंवा पाण्यात पातळसर कालवून लावा.

साबणाची गरज नाही. उटण्यानंतर साबण लावणं म्हणजे जे तेल मुद्दाम मागे ठेवलं तेच काढून टाकणं. अंगाला हळद लागलेली असेल तर साबणाचं आणखी एक प्रकरण आहे, ते प्रश्न १० मध्ये.

४. लेप किती वेळ ठेवायचा? पूर्ण वाळून ओढ बसली की काम झालं समजायचं ना?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं. अष्टांगहृदयात स्पष्ट सांगितलं आहे की मुखलेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो. पुढे असंही म्हटलं आहे की तो ओला करून काढावा आणि काढल्यावर तेल लावावं. म्हणजे पापुद्रे निघेपर्यंत लेप ठेवायची पद्धत आपल्या परंपरेची नव्हेच.

कारण समजायला सोपं आहे. लेप ओला असताना त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन मऊ होतो. लेप वाळायला लागला की उलटं सुरू होतं: माती किंवा पीठ पाणी खाली त्वचेतूनही ओढू लागतं. शिवाय वाळलेला थर आकसतो, आपण बोललो-हसलो की तो तडकतो आणि सोबत त्वचा खेचतो. ती "ओढ" म्हणजे त्वचा घट्ट झाल्याची खूण नाही. ती पाणी गेल्याची खूण आहे.

किती मिनिटं, हे हवेवर आणि थराच्या जाडीवर ठरतं. पावसाळ्यात पंधरा मिनिटंही चालतील, मे महिन्यात पंख्याखाली पाच मिनिटांत कडा पांढऱ्या पडतात. घड्याळापेक्षा लेपाची कड पाहा. रंग फिका पडायला लागला की हात ओला करून लेप पुन्हा भिजवा, एक मिनिट थांबा, भरपूर पाण्याने धुवा. खरवडू नका. चेहरा टिपून किंचित ओला असतानाच दोन थेंब तेल किंवा तुमचं नेहमीचं क्रीम लावा.

५. कशात कालवायचं? पाणी, दूध, दही, गुलाबपाणी, मध?

तेलकट त्वचेला गुलाबपाणी किंवा साधं पाणी. कोरड्या त्वचेला साय किंवा दूध. मध जवळजवळ सगळ्यांना चालतो आणि लेप लवकर वाळू देत नाही, हा त्याचा मोठा फायदा. दह्यातलं लॅक्टिक आम्ल मृत पेशी सैल करतं, पण नाजूक त्वचेला ते झोंबतं.

हळद असेल तर थोडा स्निग्ध पदार्थ हवाच. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. हळद साईत किंवा तेलात कालवायची रीत इथे कामी येते.

६. मुलतानी माती रोज लावली तर चालेल का?

नको. तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कोरड्या त्वचेला अजिबात नको, आणि लावायचीच असेल तर निम्मं चंदन आणि मध घालून, फक्त नाकाच्या आसपास आणि कपाळावर. ही माती तेल शोषून घेण्यासाठीच प्रसिद्ध आहे. पूर्वी लोकरीतलं तेल काढायला अशीच माती वापरत. रोज तेल ओढलं की काहींच्या चेहऱ्याला कोरडेपणाची साल निघते, आणि त्याच चेहऱ्यावर पुन्हा पुरळही उठतं.

एक सूचना: धुतलेली माती बेसिनमध्ये सोडू नका, नळीत बसते. बादलीत धरून झाडांना टाका.

७. उटण्याने रंग उजळतो का? खरं सांगा.

खरं सांगायचं तर जन्मजात रंग बदलत नाही आणि तो बदलण्याची गरजही नाही. जे बदलतं ते असं: मळ आणि मृत पेशी निघाल्याने त्वचा सारखी आणि तुकतुकीत दिसते, तेलाने तिला झळाळी येते. उन्हाने आलेला काळेपणा त्वचेचा वरचा थर नवा होत जातो तसा कमी होतो, त्याला साधारण चार आठवडे लागतात. उटणं त्याला थोडा हातभार लावतं, पण ऊन तसंच चालू राहिलं तर काही उपयोग नाही. चंदनाचा लेप सनस्क्रीनचं काम करत नाही.

ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन हे द्रव्य त्वचेत रंग तयार करणाऱ्या विकराला अडवतं, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण घरच्या चूर्णात त्याचं प्रमाण थोडं आणि लेप दहा मिनिटांचा. डागांवर महिनोन्महिने सातत्य ठेवलं तर किंचित फरक पडतो, इतकीच अपेक्षा ठेवा.

आठ दिवसांत गोरं करण्याची हमी देणारा बिनलेबलाचा "आयुर्वेदिक" लेप मात्र घरात आणू नका. अशा मिश्रणांत स्टेरॉइड किंवा पारा निघालेला आहे. स्टेरॉइडने त्वचा आधी खरोखर उजळते, मग पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि बंद केलं की भडकते. पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडतात. डब्यावर उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर तो डबा नकोच. हे मी दर वर्षी सांगते, तरी दर वर्षी कुणीतरी असा चेहरा घेऊन येतं आणि फार वाईट वाटतं.

८. मुरुमांवर कुठला लेप लावू?

लोध्र, धने आणि वेखंड यांचा लेप तारुण्यपिटिकांवर, म्हणजे वयात येतानाच्या मुरुमांवर, ग्रंथांत सांगितलेला आहे. आजही वैद्य तो देतात. वेखंड तीक्ष्ण आहे, म्हणून त्याचं प्रमाण घरी अंदाजाने ठरवू नका. सौम्य काही हवं असेल तर चंदन उगाळून फक्त मुरुमावर लावा. जायफळाचंही तेच करतात, पण ते अनेकांना झोंबतं.

चोळणं मात्र पूर्ण बंद. पिकलेल्या मुरुमावर उटणं चोळलं की आतला दाह पसरतो आणि काळा डाग मागे राहतो, तो मुरुमापेक्षा जास्त दिवस टिकतो. गाठीसारखे, दुखरे मुरुम असतील किंवा खड्डे पडत असतील तर लेपात वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. मुलींमध्ये मुरुमांसोबत पाळी अनियमित असेल तर कारण हार्मोनमध्ये शोधावं लागतं.

९. लिंबू पिळलं तर जास्त परिणाम होतो का? आणि उटण्यात बावची असते ती चालते का?

दोन्हींचं उत्तर उन्हाशी जोडलेलं आहे, म्हणून एकत्र देते.

लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फार आम्लधर्मी आहे. त्वचेचा सामू (pH) पाचच्या आसपास, लिंबाचा दोन-अडीच. शिवाय लिंबाच्या सालीत आणि थोडी रसातही अशी द्रव्यं असतात जी त्वचेवर राहून ऊन लागलं की भाजल्यासारखी जखम करतात. लिंबू लावून बाहेर पडलं की एक-दोन दिवसांनी चट्टे उठतात, मग तिथे महिनोन्महिने तपकिरी डाग राहतो. उजळायला लावलेल्या लिंबाने काळे डाग पडतात ते असे. खायच्या सोड्याबद्दलही विचारतात. तो उलट टोकाचा, अल्कधर्मी, म्हणून तोही नको.

बावचीत सोरॅलेन असतं, म्हणजे ऊन लागलं की त्वचा भाजणारं असंच द्रव्य, आणि त्याचा परिणाम लिंबापेक्षा कितीतरी तीव्र असतो. कोडावर बावचीचा उपयोग होतो तो याच गुणामुळे, पण तिथे उन्हाची वेळ मोजून, वैद्यांच्या देखरेखीखाली. बाजारातल्या काही उटण्यांत ती घातलेली असते. पहाटे अभ्यंगस्नान करून, नीट धुऊन घरात बसलात तर सहसा काही होत नाही. तेच उटणं सकाळी नऊला लावून दुचाकीवरून निघालात तर फोड येऊ शकतात. घरच्या उटण्यात मी बावची घालत नाही. विकतच्या पाकिटावर तिचं नाव असेल तर ते उटणं संध्याकाळीच वापरा.

१०. हळदीचा लेप लावून साबणाने धुतलं तर चेहरा लालबुंद झाला. ही ॲलर्जी आहे का?

बहुधा नाही. हळद अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आली की लाल होते. कुंकू करतानाही हळदीला चुन्याने असाच रंग येतो. वडीचा साबण अल्कधर्मी असतो. भरपूर पाण्याने धुतल्यावर लाली जाऊन पिवळेपणा परत आला, आणि खाज, जळजळ, सूज नसेल, तर काळजी करू नका. लाली तशीच राहिली आणि खाज सुटली तर प्रश्न १५ पाहा.

पिवळेपणा काढायला साबण घासू नका. कापसाने तेल किंवा दूध लावून पुसा. उरलेला रंग आपोआप फिका होतो, कारण करक्युमिन उजेडात टिकत नाही.

११. लग्नाची हळद आहे. कोणती हळद आणावी आणि आधी काय काळजी घ्यावी?

घरी हळकुंडं कुटून केलेली हळद सगळ्यात चांगली. बाजारची पूड घेणार असाल तर पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग मिसळलेला आहे. मेटानिल यलो हा कृत्रिम रंग आणि लेड क्रोमेट ही शिशाची पिवळी पूड, या दोन्हींची भेसळ हळदीत सापडते. त्यातलं काहीही नवरीच्या अंगाला लागू नये.

वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल हे सगळं हळदीच्या निदान तीन दिवस आधी उरकून घ्या. नुकत्याच वॅक्स केलेल्या हातांवर उत्साहाने चोळलेली हळद फार झोंबते. करवल्यांना आधीच सांगून ठेवा की चेहऱ्याला बोट लावायचं, रगडायचं नाही. आणि ज्या हळदीने विधी होणार तीच आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा.

१२. चंदन पावडर असली आहे हे कसं ओळखायचं?

स्वस्त असेल तर असली नाही, इतकं साधं उत्तर देता येतं. चंदनाचा सुगंध झाडाच्या गाभ्यात असतो आणि गाभा भरायला पंधरा वर्षांहून जास्त काळ जातो. स्वस्तातल्या पुडीत बहुतेक वेळा दुसऱ्या लाकडाचा भुसा आणि अत्तर असतं. खऱ्या चंदनाचा वास नाकात भसकन शिरत नाही. मंद असतो, पण लेप धुतल्यावरही रेंगाळतो.

चंदनाचं छोटं खोड आणि सहाण घ्या. एकदाचा खर्च आहे, पण वर्षानुवर्षं पुरतं, आणि उगाळलेलं गंध पुडीपेक्षा कितीतरी मुलायम असतं. रक्तचंदन हे अगदी वेगळं झाड, मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या शेषाचलम डोंगररांगांत होणारं. त्याला तसा सुगंध नसतो. सुजेवर, मुक्या मारावर त्याचा लेप देतात.

१३. बाळाला उटणं किंवा डाळीचं पीठ लावायचं का? सासूबाईंचा आग्रह आहे.

पहिलं वर्षभर नको, असं माझं ठाम मत आहे. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. पिठाने ती कोरडी होते, मांड्यांच्या आणि मानेच्या घड्यांत पीठ अडकून लाली येते, उडालेलं चूर्ण नाकात जातं.

आणखी एक गोष्ट सासूबाईंना जरूर सांगा. भेगाळलेल्या त्वचेतून अन्नपदार्थ आत गेले तर पुढे त्याच पदार्थाची ॲलर्जी होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रथिन घातलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून अधिक लोकांना गहू खाण्याची ॲलर्जी झाली होती, तीही मोठ्या माणसांना. इसब असलेल्या बाळाला डाळीचं पीठ चोळणं म्हणूनच धोक्याचं.

तेलाने हलकं मालिश आणि कोमट पाणी पुरेसं आहे. दिवाळीची पहिली आंघोळ असेल तर शास्त्रापुरतं बोटभर उटणं मोठ्यांच्या हाताला लावा आणि बाळाला नुसतं तेल.

१४. उटण्याने चेहऱ्यावरची लव कायमची जाते का?

नाही. चोळल्याने काही केस तुटतात, मूळ जागेवरच राहतं. हनुवटीवर जाड, काळे केस येत असतील तर हार्मोनची तपासणी करून घ्या.

१५. सगळं नैसर्गिक आहे, मग पुरळ कसं आलं?

खाजकुइलीही नैसर्गिक आहे. हळद, चंदन, संत्र्याची साल, सुगंधी मुळं यांपैकी कशाचीही ॲलर्जी एखाद्याला असू शकते, आणि वर्षानुवर्षं चाललेल्या पदार्थाचीही अचानक सुरू होऊ शकते. नवीन मिश्रण कोपराच्या आत किंवा कानामागे लावा, दहा मिनिटांनी धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. अशी ॲलर्जी बहुतेक वेळा लगेच दिसत नाही, म्हणून तासाभराची परीक्षा पुरत नाही.

पुरळ आलंच तर साध्या पाण्याने धुवा, सगळे लेप थांबवा, दुसरा "उतारा" लावू नका. ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना.

१६. कालवलेलं उटणं फ्रीजमध्ये ठेवलं तर किती दिवस चालतं?

ठेवू नका. पीठ, दूध आणि ओलावा म्हणजे जंतूंना मेजवानी. लागेल तेवढंच कालवा, उरलं तर टाका. कोरडं चूर्ण काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढून वापरा. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या, कुबट वास आला किंवा पोरकिडे दिसले तर ऊन दाखवून पुन्हा वापरायच्या फंदात पडू नका.

१७. लेप लावल्यावर बोलायचं नाही, झोपायचं नाही, असं आजी म्हणते. यात काही तथ्य आहे?

आहे, आणि आजीचं म्हणणं थेट ग्रंथातलं आहे. मुखलेप असताना दिवसा झोपणं, बोलणं, विस्तवाजवळ आणि उन्हात बसणं, शोक आणि राग टाळावा असं अष्टांगहृदयात सांगितलं आहे. बोलल्याने थर तडकतो, उष्णतेने लवकर वाळतो, झोप लागली तर वेळेवर काढायचा राहतो. हे सगळं प्रश्न ४ शी जुळतं. सर्दी, अजीर्ण किंवा रात्रीचं जागरण झालेलं असताना मुखलेप लावू नये, असंही तिथेच म्हटलं आहे.

१८. हळदीचं पेटंट अमेरिकेने घेतलं होतं, हे खरं आहे?

हो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील संशोधन पुरावा म्हणून मांडून त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कडुलिंबाच्या बुरशीनाशकाचं युरोपातलं पेटंटही असंच २००० मध्ये रद्द झालं, त्यावरचं अपील २००५ मध्ये फेटाळलं गेलं. आपल्याकडे लिहून ठेवलेलं होतं म्हणून हे जमलं. घरातल्या जुन्या वह्यांत उटण्याचं प्रमाण लिहिलेलं असेल तर ती वही जपून ठेवा.

१९. कोणी उटणं आणि लेप टाळावेत?

इसब किंवा सोरायसिस भडकलेलं असताना, उघड्या जखमेवर, नागीण किंवा कांजिण्यांच्या ओल्या फोडांवर नको. मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलीनचं मलम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा आधीच नाजूक झालेली असते, तेव्हा चोळण्याचं काहीच नको. केमिकल पील किंवा लेसर झालं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर थांबा. मधुमेह असलेल्यांनी पायांना भरड उटणं चोळू नये, कारण संवेदना कमी असल्याने ओरखडा लागलेला कळत नाही. गरोदरपणात साधं मसूर, चंदन, गुलाब चालतं, पण बावची आणि तीव्र सुगंधी तेलं घातलेली मिश्रणं टाळा.

लेपामुळे काही त्रास झाला आणि डॉक्टरांकडे जावं लागलं तर पाकीट किंवा उरलेलं चूर्ण सोबत न्या. "घरगुती काहीतरी लावलं होतं" एवढ्यावरून त्यांना काहीच ठरवता येत नाही.